क्यार गेलं, महा आलं: तासगावच्या एका बागेची छाटणी आणि अरबी समुद्राचं खालचं पाणी

२०१९ च्या दिवाळीत तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारापुढं पेच होता तो छाटणीचा. दोन प्लॉट छाटून झाले होते, तिसरा राखून ठेवला होता. टीव्हीवर सांगत होते की क्यार वादळ ओमानकडं वळलंय, महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धोका उरला नाही. वादळ गेलं म्हणजे पाऊस गेला, मग कात्री लावायला हरकत काय? पण आधीच्या दोन प्लॉटचं जे झालं होतं ते बघून मजुरांच्या टोळीला सांगावा धाडायचा धीर होत नव्हता.

हे बागायतदार माझ्या आजोळच्या गावचे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, इथंही तेवढंच नाव पुरे. मी सांगलीत भूगोल शिकवतो आणि समुद्राविषयी थोडंफार वाचत असतो, म्हणून त्यांच्या पुतण्यानं मला फोन केला. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, एवढं मोठं वादळ होऊन गेलं म्हणजे समुद्रातली उष्णता संपली असणार. आता लगेच दुसरं व्हायचं नाही ना?"

या प्रश्नाचं उत्तर समुद्राच्या पृष्ठभागावर सापडत नाही. ते खाली पन्नास-शंभर मीटरवर सापडतं. तिथलं पाणी किती गरम राहील हे ठरवणाऱ्या लाटा तर कधी कधी दोन-तीन महिने आधी, हजारो किलोमीटर दूर उठलेल्या असतात. तासगावच्या रानातला निर्णय तिथपर्यंत कसा जाऊन पोचतो, ते या प्रकरणात मांडतो आहे.

बाग कुठल्या अवस्थेत होती

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी लिहितो. आपल्याकडं वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ती काडी, म्हणजे पुढं घड धरणारी फांदी, तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ती मालासाठी. फळछाटणीपासून साधारण १२० ते १४० दिवसांत माल काढणीला येतो. लवकर छाटलं तर जानेवारी-फेब्रुवारीचा भाव सापडतो, पण परतीचा पाऊस डोक्यावर असतो. उशिरा छाटलं तर पाऊस चुकतो, पण माल मार्चमध्ये सगळ्यांबरोबर येतो. म्हणून जरा मोठा बागायतदार प्लॉट वाटून वेगवेगळ्या तारखांना छाटतो. तात्यांचंही तसंच.

पहिला प्लॉट सप्टेंबरच्या मध्यात छाटलेला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो फुलोऱ्याच्या तोंडाशी आला होता. दुसरा ऑक्टोबर उजाडल्यावर छाटलेला, तो पोंग्यात, म्हणजे नुकताच कोंब फुटण्याच्या अवस्थेत, होता. वरून पाणी कधी नको असं द्राक्षवाल्याला विचारलं तर तो याच दोन अवस्था सांगेल. फुलोऱ्यात पाऊस लागला की गळ आणि कूज. पोंग्यात ओल टिकली की डाऊनी हा बुरशीचा रोग, आणि सूर्यप्रकाश नसला तर घड जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता आधाराचा तंतू, होते. औषध मारावं तर ट्रॅक्टर रानात रुततो, आणि मारलेलं तासाभरात धुऊन जातं. ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरानं सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. पूर्वेकडच्या द्राक्षपट्ट्याला त्या पुराची झळ लागली नाही. ऑक्टोबरनं मात्र त्यालाच गाठलं.

त्या वर्षी मान्सून परतायला लागला तोच ९ ऑक्टोबरला, आजवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. १६ ऑक्टोबरला तो देशातून पूर्ण गेल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. दोनच दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात शरद पवारांची ती भर पावसातली सभा झाली. सभेचं राजकारण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तो पाऊस कागदोपत्री मोसमी पाऊस नव्हता, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही. २१ ला विधानसभेचं मतदान, २४ ला निकाल. निकालाच्याच दिवशी रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र बळावून डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालं. तेच पुढं क्यार. २७ ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते सुपर सायक्लोन, म्हणजे चक्रीवादळाची सर्वांत वरची पायरी, झालं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात असं वादळ झालं नव्हतं.

आता नीट बघा. सांगलीहून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत १३५ किलोमीटरच्या आसपास आहे. क्यार किनाऱ्याजवळ होतं तेव्हा ते दुबळं होतं, आणि आमच्याकडचा पाऊस तेव्हाचा. ते सुपर सायक्लोन झालं तोवर पश्चिमेला दूर निघून गेलं होतं. बातमीतला आकडा चढत गेला तसा आमचा पाऊस उतरत गेला. त्यामुळं "सुपर सायक्लोननं बागा खाल्ल्या" हे तेव्हा जागोजागी ऐकलेलं वाक्य मला पटत नाही. जवळजवळ महिनाभर समुद्र हवेत ओल सोडत राहिला आणि वारा ती सह्याद्रीच्या अलीकडं आणत राहिला. बागा त्यानं गेल्या. क्यार हा त्या महिन्यातला एक ठळक प्रसंग होता, इतकंच.

पुतण्याचा नकाशा

पुतण्या बी.एस्सी. ॲग्री झालेला. त्याच्या मोबाइलवर समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा होता. क्यार गेलं त्या वाटेवर निळसर पट्टा उमटलेला, बाकी सगळं केशरी. त्यावरून त्यानं काढलेला अर्थ असा: वादळानं उष्णता ओढून घेतली, समुद्र गार पडला, आता पंधरा दिवस तरी निवांत.

यातला पहिला भाग खरा आहे. वादळ समुद्र गार करतंच. मात्र त्यातली थोडीच उष्णता वाफेवाटे हवेत जाते. मोठा वाटा घुसळण्याचा असतो. वाऱ्यानं वरचा थर ढवळला जातो आणि खालचं गार पाणी वर येऊन त्यात मिसळतं. त्यामुळं वादळामागं एक ते तीन अंशांनी थंड झालेला पट्टा उरतो. आपल्या गोलार्धात तो वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला जास्त ठळक असतो, कारण तिकडं वाऱ्याची वळण्याची दिशा आणि पाण्याच्या प्रवाहाची वळण्याची दिशा जुळते.

पण हा पट्टा टिकत नाही. ऊन लागतं आणि एक-दोन आठवड्यांत वरचं कातडं पुन्हा तापतं. उपग्रहाला फक्त ते कातडंच दिसतं. नकाशा पुन्हा केशरी होतो, खाली मात्र ढवळलेलं गार पाणी कितीतरी दिवस तसंच राहतं. म्हणजे वादळ गेल्या गेल्या हा नकाशा एका भागाचा गारवा दाखवून सगळ्या समुद्राविषयी निर्धास्त करतो, आणि पंधरा दिवसांनी त्याच भागाचा गारवा झाकून उगाच घाबरवतो. वरच्या नकाशावर विसंबणाऱ्याची दोन्हीकडून फसगत.

साठा किती, हा खरा प्रश्न

सांगलीकरांना हे हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून चटकन कळेल. वरून पाहिलं तर सपाट जमीन आणि एक तोंड. आत किती पोती आहेत हे खोलीवर ठरतं. समुद्राचंही असंच. वरचं पाणी २९ अंश आहे हे कळलं म्हणून साठा कळत नाही. तो गरम थर किती खोल गेलाय ते पाहावं लागतं.

वादळाच्या अभ्यासात यासाठी २६ अंशांची रेघ धरतात. पाण्याचं तापमान खाली जाता जाता जिथं २६ अंशांवर येतं, त्या खोलीपर्यंतची जादा उष्णता मोजायची. १९७२ मध्ये डेल लाइपर यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या वादळांसाठी हा हिशेब मांडला. आता आपलं हवामान खातं चक्रीवादळाच्या बुलेटिनमध्ये पृष्ठभागाच्या तापमानाबरोबर हा आकडाही देतं, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे नकाशे काढते. एकक जरा विचित्र आहे, दर चौरस सेंटिमीटरला किलोजूल.

हिशेब हातानं करता येतो. समजा २६ अंशांची रेघ ५० मीटरवर आहे आणि त्यावरचं पाणी सरासरी २८ अंशांचं. जादा उष्णता निघते सुमारे ४१. आता पृष्ठभाग तोच, सरासरी तीच, फक्त रेघ ८० मीटरवर ढकला. उत्तर येतं ६५ च्या वर. उपग्रहाच्या नकाशात दोन्ही जागा एकाच रंगाच्या दिसतील. वादळाच्या दृष्टीनं मात्र त्यांत दीडपटीहून जास्त फरक आहे. शिवाय दुसऱ्या ठिकाणी वादळानं कितीही ढवळलं तरी खालून गरमच पाणी वर येतं, त्यामुळं स्वतःच्या घुसळण्यानं वादळाला जो लगाम बसतो तो तिथं बसत नाही. २००५ मध्ये कतरिना मेक्सिकोच्या आखातात असल्याच खोल, गरम पाण्यावरून गेली आणि झपाट्यानं बळावली. आपल्या शेजारी, बंगालच्या उपसागरात, २००८ च्या नर्गिसची गोष्ट त्याच जातीची.

रेघ वर-खाली कोण करतं

मला यातला सगळ्यात रंजक भाग हा वाटतो, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

किनाऱ्यावर बसून दिसतात त्या लाटांचा या रेघेशी फारसा संबंध नाही. त्या वरचे काही मीटर हलवतात आणि किनाऱ्यावर फुटतात. समुद्रात दुसऱ्या लाटा असतात, त्या पृष्ठभागावर उमटतात फक्त काही सेंटिमीटर, पण पोटात पाण्याचे थर दहा-वीस-तीस मीटर वर-खाली करतात. वरचं गरम, हलकं पाणी आणि खालचं गार, जड पाणी यांच्यामध्ये एक थर असतो, त्यात तापमान झपाट्यानं उतरतं. त्याला थर्मोक्लाईन म्हणतात. या लाटा त्याच थरावरून चालतात.

त्यातली एक केल्विन लाट. ती विषुववृत्ताला किंवा किनाऱ्याला चिकटून चालते. वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. कन्याकुमारीहून निघालेली अशी लाट पाच-सहा दिवसांत रत्नागिरीसमोर येऊ शकते. किनाऱ्यापासून तिचा पसारा साठ ते शंभर किलोमीटर. ती थर्मोक्लाईन खाली दाबणारी असेल तर किनाऱ्याजवळचं गरम पाणी खोल होतं, वर उचलणारी असेल तर गार पाणी वर सरकतं.

पण ती उठते कुठं? बऱ्याचदा हिंद महासागराच्या मध्यात, विषुववृत्तावर. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन संक्रमणाच्या काळात तिथं पश्चिमेकडून वारे वाहतात आणि गरम पाणी पूर्वेकडं ढकलतात. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये या प्रवाहाकडं लक्ष वेधलं, म्हणून त्याला विर्टकी जेट म्हणतात. त्याबरोबरची केल्विन लाट सुमात्राला जाऊन धडकते, दुभंगते, आणि तिचा उत्तरेचा फाटा अंदमान समुद्र, म्यानमार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू असा बंगालच्या उपसागराला वळसा घालून श्रीलंकेच्या खालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. वाटेत त्या त्या किनाऱ्यावरचे वारे तिच्यात भर घालतात किंवा तिला खातात. अरबी समुद्राला उत्तरेकडून जमिनीची भिंत आहे. बाहेरचा निरोप येणार तो बहुतेक आग्नेयेच्या कोपऱ्यातून, कन्याकुमारी-लक्षद्वीपच्या दारातून. या कोपऱ्याचं महत्त्व त्यात आहे.

दुसरी रॉस्बी लाट. ती किनाऱ्यापासून सुटून पश्चिमेकडं समुद्रात सरकते, आणि अतिशय सावकाश. १० अंश अक्षांशावर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर. २० अंशांवर त्याच्या चौथाई वेगानं. लक्षद्वीपजवळ हिवाळ्यात समुद्राची पातळी फुगून एक मोठा, घड्याळाच्या दिशेनं फिरणारा भोवरा तयार होतो, त्याला लक्षद्वीप हाय म्हणतात. शंकर आणि शेट्ये या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की हा फुगवटा म्हणजे केल्विन लाटेनं किनाऱ्यावर आणलेला आणि रॉस्बी लाटांनी समुद्रात नेलेला निरोपच आहे. त्या भागाच्या वरच्या वाऱ्यांवरून त्याचा उलगडा होत नाही, कारण त्याचं मूळ बंगालच्या उपसागरात आणि विषुववृत्तावर आहे. उन्हाळ्यात याच जागी उलटा खळगा तयार होतो.

भोवऱ्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या दिशेनं फिरणारा मोठा भोवरा पाणी मध्याकडं जमवतो. पृष्ठभाग थोडा फुगतो आणि थर्मोक्लाईन खाली दबते, म्हणजे पोटात गरम. उलट्या दिशेनं फिरणाऱ्याचं सगळं उलट. पृष्ठभाग १० सेंटिमीटर वर आला की थर्मोक्लाईन ढोबळमानानं २० ते ३० मीटर खाली गेली असं धरायचं. त्यामुळं समुद्राची उंची मोजणारा उपग्रह आडमार्गानं समुद्राच्या पोटातलं तापमान सांगतो. भारत आणि फ्रान्सनं मिळून २०१३ मध्ये सोडलेला सरल हा असाच उपग्रह. हे भोवरे शंभर ते काहीशे किलोमीटरचे असतात आणि महिनोन्‌महिने जगतात. सोमालियाजवळचा, ग्रेट व्हर्ल नावाचा, तर दर पावसाळ्यात हजेरी लावतो.

२०१९ मध्ये यावर आणखी एक कडी होती. इंडियन ओशन डायपोल, म्हणजे वर्तमानपत्रातला आयओडी, हिंद महासागराच्या पूर्व-पश्चिम टोकांच्या पाण्याच्या तापमानातला फरक, त्या वर्षी धन बाजूला (पश्चिमेला जास्त गरम) होता आणि नोंदींतल्या सर्वांत तीव्र वर्षांपैकी ते एक वर्ष होतं. विषुववृत्तावरचे वारे नेहमीसारखे पूर्वेकडं ढकलेनात. सुमात्राकडं थर्मोक्लाईन वर आली आणि पाणी गारठलं, पश्चिमेकडं ती खाली गेली आणि गरम पाणी तिकडंच राहिलं. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एक चक्रीवादळ होतं, त्या वर्षी पाच झाली.

२९ ऑक्टोबरचा निर्णय

पुतण्याला मी जे सांगितलं त्यात एवढं सगळं नव्हतं. फोनवर असलं कोण ऐकून घेणार? मी म्हटलं, क्यारची वाट कुठली ते बघ. रत्नागिरीच्या पश्चिमेकडून निघून ते वायव्येकडं गेलं. त्यानं जे पाणी ढवळलं ते तिथलं. लक्षद्वीपच्या खालचं पाणी त्यानं हात लावल्याशिवाय तसंच ठेवलंय. एकाचा साठा संपला म्हणून दुसऱ्याचा संपत नाही. आणि नेमकं त्याच वेळी कोमोरिन भागात, कन्याकुमारीच्या खाली, नवं कमी दाबाचं क्षेत्र दिसत होतं.

तात्यांनी फोन घेतला. "म्हंजे अजून एक यील म्हणता?"

"येईलच असं नाही तात्या. पण न यायला काही कारण दिसत नाही."

हे वाक्य जपून बोललो होतो, आणि आजही त्याच्याशी ठाम आहे. खोल गरम पाणी वादळ जन्माला घालत नाही. त्यासाठी हवेत बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फार फरक नसावा, हवा ओलसर असावी, आधी काहीतरी फिरायला लागलेलं असावं. खालचं पाणी फक्त हे सांगतं की एखादं वादळ झालंच तर त्याला पोसायला काय शिल्लक आहे.

३० ऑक्टोबरला ते डिप्रेशन झालं आणि त्याच दिवशी चक्रीवादळ. नाव महा. क्यार अजून समुद्रात असतानाच दुसरं वादळ उभं राहिलं, अरबी समुद्रात हे फार क्वचित घडतं. महा लक्षद्वीपवरून वायव्येकडं सरकत गेलं, ४ नोव्हेंबरला त्याचा जोर ताशी १८५ किलोमीटरपर्यंत चढला, मग ते वळलं आणि गुजरातकडं निघालं. किनाऱ्यावर मोठी तयारी झाली. ७ नोव्हेंबरपर्यंत ते सौराष्ट्राच्या अलीकडं समुद्रातच ढेपाळलं.

ते का ढेपाळलं यावर मला चर्चेत नेहमी एक सोपं उत्तर ऐकायला मिळतं: क्यारनं गार केलेल्या पाण्यावर ते सापडलं. वळणाच्या सुमारास महा क्यारनं आधी ढवळलेल्या पट्ट्याच्या आसपास होतं हे खरं, आणि गार पाण्याचा वाटा नक्कीच असणार. पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही. वरच्या हवेतल्या वाऱ्यांचा फरक वाढला होता, वायव्येकडून कोरडी हवा आत शिरत होती. समुद्राच्या पोटाचं मला कितीही कौतुक असलं तरी महाचं श्रेय मी एकट्या त्याला देणार नाही.

तासगावला त्या पहिल्या आठवड्यात ढगाळ हवा आणि अधूनमधून सरी राहिल्या. तात्यांनी तिसरा प्लॉट छाटला तो महा विरल्यावर.

पुढं काय झालं

पहिल्या प्लॉटचं गळकुजीनं फार नुकसान केलं. दुसऱ्यात घड कमी निघाले. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली, फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. द्राक्षबागेचा एकरी खर्च लाखांत जातो, तेव्हा या आकड्याविषयी गावात काय बोललं गेलं ते लिहायची गरज नाही.

तिसरा प्लॉट निरोगी आला. डाऊनी नाही, कूज नाही, मण्याला फुगवण चांगली. आणि त्याचा माल काढणीला आला मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. व्यापारी आले नाहीत, गाड्या मिळाल्या नाहीत, मजूर घरी बसले. बराचसा माल शेडवर टाकून बेदाणा केला. तात्यांच्या घरात या निर्णयावर अजून वाद होतो. समुद्राचा अंदाज चुकला नव्हता हे पुतण्या सांगतो. मग पैसे का गेले, असं काकू विचारतात. दोघांचंही बरोबर आहे.

नकाशाचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

या प्रकरणानंतर परिसरातले काही तरुण बागायतदार २६ अंशांच्या रेघेचा नकाशा बघायला लागले. चांगली गोष्ट आहे, पण त्यांच्या दोन समजुती मला सारख्या खोडाव्या लागतात.

एक म्हणजे, समुद्राच्या पोटातलं तापमान सगळीकडं सतत मोजलं जातं असं त्यांना वाटतं. तसं नाही. मुख्य आधार आर्गो फ्लोटांचा, म्हणजे आपोआप मोजणी करणाऱ्या तरंगत्या यंत्रांचा. जगभरच्या समुद्रांत असे जवळजवळ चार हजार फ्लोट आहेत. प्रत्येक जण हजार मीटरवर तरंगत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन वर येतो आणि येताना तापमान-क्षारता मोजतो. दहा दिवसांत वादळ जन्मून मरूनही जातं. शिवाय वादळ गेल्यावर थर्मोक्लाईन काही दिवस हेलकावे खात राहते. १६ अंश अक्षांशावर एका हेलकाव्याला सुमारे ४३ तास लागतात. फ्लोट नेमका वरच्या हेलकाव्यात वर आला तर पाणी आहे त्यापेक्षा गार वाटेल, खालच्या हेलकाव्यात आला तर गरम. म्हणून एका फ्लोटच्या एका नोंदीवर भिस्त ठेवायची नाही. उपग्रहानं मोजलेली समुद्राची उंची, फ्लोट, बोये (समुद्रात नांगरून ठेवलेली मोजणीची उपकरणं) आणि मॉडेल यांचं मिळून जे चित्र बनतं ते बघायचं, तेही दोन-तीन आठवड्यांच्या तुलनेत.

दुसरी समजूत अशी की हे फक्त ऑक्टोबरपुरतं आहे. मला उलट मे महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं गोडसर, हलकं पाणी वळसा घालून लक्षद्वीपकडं येतं आणि वर पसरतं. त्याच्याखाली गरम पाणी अडकतं. डिसेंबर-जानेवारीत तर तिथं काही वेळा पृष्ठभागापेक्षा खालचं पाणी जास्त उबदार सापडतं. त्यात लक्षद्वीप हायनं थर्मोक्लाईन खाली दाबलेली. या तयारीवर उन्हाळ्याचं ऊन पडतं आणि एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी ३० अंशांच्या वर जातं. २०२१ चं तौक्ते १४ मे रोजी याच भागात उठलं आणि १७ ला सौराष्ट्रावर धडकलं. वाटेत आमच्याकडंही वारा-पाऊस देऊन गेलं. बाग तेव्हा खरड छाटणीनंतरच्या अवस्थेत असते, काडीच्या डोळ्यात (कोंब फुटायच्या जागी) पुढच्या हंगामाचा घड ठरत असतो, आणि त्याला ऊन लागतं. मे-जूनमधले ढगाळ आठवडे तेव्हा दिसत नाहीत, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतात, घड कमी निघाले की. जानेवारीत लक्षद्वीपजवळ समुद्र किती फुगलाय हे बघून मेविषयी निदान कान टवकारता येतात. तारीख सांगता येत नाही, पाऊस तर नाहीच नाही.

पुतण्या आता सप्टेंबर लागला की दर आठवड्याला नकाशा उतरवून घेतो आणि आयओडीची बातमी आली की मला पाठवतो. तात्या अजूनही पहिला प्लॉट सप्टेंबरच्या मध्यातच छाटतात. विचारलं तर म्हणाले, "तुमचं समुद्राचं खरं असंल, पर जानेवारीचा भाव सोडवत न्हाई."